छत्र हवं की धाक पुरे?

मे २०२५ मधल्या भारत-पाकिस्तान संघर्षाच्या त्या चार दिवसांनंतर आमच्या घरात एक वाद सुरू झाला, तो अजून मिटलेला नाही. मुलगी चेंबूरला राहते. ट्रॉम्बेचं भाभा अणुसंशोधन केंद्र तिथून जवळच. तिचं म्हणणं सरळ आहे. शेजारच्या दोन देशांकडे अण्वस्त्रं आहेत, येणारं क्षेपणास्त्र वरच्या वर पाडायचं तंत्र आपल्याकडे आहे, मग सगळ्या देशावर छत्र धरायला वेळ का लावायचा? १५ ऑगस्ट २०२५ ला लाल किल्ल्यावरून 'सुदर्शन चक्र' मोहिमेची घोषणा झाली, २०३५ चं उद्दिष्ट जाहीर झालं, आणि भाषण संपतंय तोच तिचा फोन आला. "बाबा, आता तरी पटलं का?"

अर्धं पटलं. उरलेलं अर्धं का पटत नाही, हे फोनवर नीट सांगता येईना, म्हणून लिहायला बसलो. हा प्रश्न इतरांनाही पडला असणार. ज्यांचं मत अजून ठरायचंय, त्यांच्यासाठी दोन्ही बाजू समोरासमोर ठेवतो. एक गोष्ट आधीच वेगळी काढतो. ड्रोन, रॉकेट, साधं स्फोटक भरलेलं क्षेपणास्त्र यांच्यापासून बचाव करायलाच हवा, त्यावर माझा काही वाद नाही. मी बोलतोय ते फक्त अणुबॉम्ब घेऊन येणाऱ्या क्षेपणास्त्राबद्दल. तिथला हिशेब वेगळा आहे.

मी स्वतः बरीच वर्षं छत्राच्या बाजूचा होतो. २७ नोव्हेंबर २००६ ला ओडिशाच्या किनाऱ्याजवळ आपल्या इंटरसेप्टरने, म्हणजे येणारं क्षेपणास्त्र पाडणाऱ्या क्षेपणास्त्राने, सुमारे ५० किलोमीटर उंचीवर 'पृथ्वी' क्षेपणास्त्र पाडलं, त्या बातमीचं कात्रण मी जपून ठेवलं होतं. पुढच्याच वर्षी, ६ डिसेंबर २००७ ला, १५ किलोमीटर उंचीवर दुसऱ्या थराचीही चाचणी जमली. मला वाटलं, झालं, आता दहा वर्षांत आपण निश्चिंत. मत हळूहळू बदललं, आणि ते बदलण्यामागे संरक्षणावरच्या लेखांइतकीच माझी नोकरीही आहे. ३१ वर्षं मी वीज उपकेंद्रांच्या प्रोटेक्शनवर काम केलं. रिले, म्हणजे लाइनवरचा दोष ओळखून वीज तोडायचा हुकूम देणारी यंत्रं, बसवायचे, सेटिंग लावायचं, वर्षातून एकदा टेस्टिंग करायचं. क्षेपणास्त्रं हा माझा विषय नाही. पण वर्षानुवर्षं गप्प बसून राहायचं आणि एका दिवशी डोळ्याचं पातं लवायच्या आत काम करायचं, अशा यंत्रांशी माझा आयुष्यभर संबंध आला. क्षेपणास्त्राचं छत्र हे त्याच जातीचं यंत्र आहे.

छत्राची बाजू

ही बाजू हलकी नाही. सगळ्यांत वजनदार मुद्दा मला हा वाटतो. ४ जानेवारी २००३ ला आपण जे अण्वस्त्र धोरण जाहीर केलं, त्यात पहिला वार आपण करणार नाही असं वचन आहे. म्हणजे पहिला घाव सोसायची वेळ आपल्यावर येणार हे त्यात गृहीतच आहे. मी आधी हात उगारणार नाही, असं जो सांगतो, त्याने चिलखत घातलं तर कोण त्याला नावं ठेवील? उलट त्याच्याच अंगावर ते शोभतं. शिवाय पहिल्या घावात दिल्लीच गेली, आदेश देणारेच उरले नाहीत, तर प्रतिहल्ल्याच्या वचनाला अर्थ काय राहिला?

दुसरा मुद्दा चुकून सुटलेल्या क्षेपणास्त्राचा. ९ मार्च २०२२ ला आपल्याच हद्दीतून एक क्षेपणास्त्र सुटलं आणि पाकिस्तानात मियाँ चन्नूजवळ जाऊन पडलं. देखभालीचं नेहमीचं काम चालू असताना बिघाड झाला, असं आपल्या सरकारने सांगितलं, तेही दोन दिवसांनी. पुढे हवाई दलाच्या तीन अधिकाऱ्यांना बडतर्फ केलं. त्यात स्फोटक नव्हतं आणि पलीकडच्यांनी संयम ठेवला, म्हणून निभावलं. उद्या तिकडून असंच काही सुटलं तर? धाक माणसाला बसतो, चुकून सुटलेल्या क्षेपणास्त्राला बसत नाही. अशा एकट्यादुकट्या क्षेपणास्त्रासाठी वर काहीतरी असावं, हे मी आजही मान्य करतो. फक्त एक लक्षात ठेवायला हवं. ते क्षेपणास्त्र विमानासारखं हवेतूनच उडत जाणाऱ्या क्रूझ जातीचं होतं. बॅलिस्टिक, म्हणजे खूप उंच जाऊन वरून खाली येणाऱ्या क्षेपणास्त्रासाठी उभारलेलं छत्र त्याच्यासाठी नसतं, त्याला वेगळी यंत्रणा लागते. पाकिस्तानचं 'बाबर' त्याच जातीचं आहे.

तिसरा मुद्दा इस्रायलचा, मुलीचा हा हुकमी एक्का. १३-१४ एप्रिल २०२४ च्या रात्री इराणने तीनशेच्या वर ड्रोन आणि क्षेपणास्त्रं सोडली. इस्रायलच्या म्हणण्याप्रमाणे त्यांतली ९९ टक्के पाडली. आकडा थोडा इकडेतिकडे असेल, पण दुसऱ्या दिवशी शहरं जागच्या जागी होती आणि उत्तर काय द्यायचं याचा विचार करायला राज्यकर्त्यांना दिवस मिळाले. डोक्यावर छत्र असल्याने रागाच्या भरात निर्णय घ्यावा लागला नाही. या फायद्याकडे छत्राच्या विरोधकांनी नेहमी दुर्लक्ष केलं, आणि ते चुकीचं आहे.

धाकाची बाजू

धाक म्हणजे काय, हे इथे नव्याने सांगायला नको. तू मारलंस तर तूही उरणार नाहीस, एवढंच. 'अरिहंत' या आपल्या अणुपाणबुडीने पहिली गस्त पूर्ण केल्याचं नोव्हेंबर २०१८ मध्ये जाहीर झालं, २९ ऑगस्ट २०२४ ला तशीच दुसरी, 'अरिघात', नौदलात दाखल झाली. ११ मार्च २०२४ ला 'अग्नी-५' ने एकाहून अधिक बॉम्ब वेगवेगळ्या ठिकाणी नेण्याची चाचणी दिली. स्टॉकहोमच्या 'सिप्री' संस्थेच्या २०२५ च्या अंदाजात भारताकडे सुमारे १८०, पाकिस्तानकडे १७० आणि चीनकडे ६०० अण्वस्त्रं आहेत. पाण्याखाली नक्की कुठे आहे हे कुणालाच ठाऊक नसलेली एक पाणबुडी शिल्लक राहिली, तरी धाकाचं काम होतं.

हा पर्याय मला आवडतो असं कुणी समजू नये. पलीकडच्या लाखो निरपराध माणसांचा जीव ओलीस ठेवून आपला जीव वाचवायचा, हे त्याचं मूळ आहे, आणि ते मनाला कधीच पटत नाही. शिवाय समोरचा शहाणा असेल या भरवशावर सगळं उभं. तो भरवसाही दर वर्षी नव्याने धरावा लागतो.

तरी दोन्ही समोरासमोर ठेवले की एक फरक डोळ्यांत भरतो. छत्राला प्रत्येक वेळी यश यावं लागतं. धाकाला समोरच्याच्या मनातली एक शंका पुरते. आपली निम्मीच क्षेपणास्त्रं उडतील अशी स्थिती असली, तरी त्या निम्म्यांच्या भीतीने समोरचा थांबतो. छत्र मात्र दहातली नऊ पाडूनही हरतं. १ ऑक्टोबर २०२४ ला इराणने पुन्हा सुमारे १८० बॅलिस्टिक क्षेपणास्त्रं सोडली. जगातलं सर्वांत अनुभवी छत्र वर होतं, अमेरिकेच्या युद्धनौकाही मदतीला होत्या, तरी कित्येक आत आली. नेवातिमच्या हवाई तळावर पडलेल्यांची चित्रं उपग्रहांनी टिपली. त्यांत साधी स्फोटकं होती, म्हणून धावपट्टीजवळचे खड्डे बुजवून तळ चालू राहिला. हिरोशिमावर एकच बॉम्ब पडला होता, आणि १९४५ संपेपर्यंत सुमारे १ लाख ४० हजार माणसं गेली.

ज्या एका गोष्टीने माझं मत ठरलं

आता मुख्य सांगतो. एका जूनमध्ये, पाऊस सुरू व्हायच्या आधीच्या वादळात, आमच्या एका उपकेंद्रातून निघणाऱ्या ११ केव्हीच्या फीडरची, म्हणजे गावांकडे वीज नेणाऱ्या लाइनची, तार रात्री तुटून शेताच्या बांधावर पडली. अशा वेळी जमिनीत जाणारा करंट ओळखणाऱ्या अर्थ फॉल्ट रिलेने चालायचं, ब्रेकरला, म्हणजे लाइन तोडणाऱ्या मोठ्या स्विचला, ट्रिप द्यायची आणि लाइन बंद व्हायची. यात एका सेकंदाच्याही आत खेळ संपतो. त्या रात्री लाइन बंद झाली नाही. बांधावर तार ठिणग्या टाकत राहिली. गावातून फोन आल्यावर ऑपरेटर धावत यार्डात गेला आणि त्याने हाताने ब्रेकर पाडला. तोवर एका शेतकऱ्याची बैलजोडी गेली होती. माणूस गेला नाही हे नशीब.

सकाळी मी पॅनेलसमोर उभा राहिलो तेव्हा रिलेचा लाल फ्लॅग पडलेला होता. म्हणजे रिले चालला होता. त्याने तारेवरचा दोष बरोबर ओळखला, वेळेत हुकूम सोडला, आणि तो हुकूम ब्रेकरपर्यंत ताकदीने पोचलाच नाही. वादळात स्टेशन ट्रान्सफॉर्मरचा फ्यूज गेला होता, त्यामुळे बॅटरीचा चार्जर बंद, आणि बॅटरी आतून इतकी कमजोर की ब्रेकर पाडणारी ट्रिप कॉइल ओढायला तिच्यात दम नव्हता. तीनच आठवड्यांपूर्वी त्या फीडरचं टेस्टिंग झालं होतं. टेस्ट किटने करंट सोडला, रिले चालला, ब्रेकर पडला. रजिस्टरमध्ये 'ओके' असा शेरा, खाली सही माझी. टेस्टिंग दिवसाउजेडी झालं होतं, चार्जर चालू असताना. चार्जर चालू असला की बॅटरीचं दुखणं झाकलं जातं. चार्जर बंद करून बघा, असं टेस्टिंगच्या तक्त्यात कुठेच नव्हतं, आणि मलाही सुचलं नाही. त्या शेतकऱ्याला तोंड दाखवायची माझी हिंमत झाली नाही, हे आजही सलतं.

तेव्हापासून 'चाचणी यशस्वी' हे शब्द वाचले की मी थबकतो. चाचणी खोटी असते असं मला म्हणायचं नाही. ती तेवढ्याच परिस्थितीची साक्ष देते, ज्या परिस्थितीत ती घेतली.

२४ जुलै २०२४ ला चांदीपूरहून आपल्या छत्राच्या दुसऱ्या टप्प्याची चाचणी झाली. ५००० किलोमीटर पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांना तोंड देण्याची क्षमता सिद्ध झाली, असं सांगण्यात आलं. शास्त्रज्ञांचं यश मोठं आहे, मला त्याचा अभिमान वाटतो. पण त्या दिवशी तळाच्या साडेतीन किलोमीटर परिसरातल्या दहा गावांमधली दहा हजारांवर माणसं सकाळीच तात्पुरत्या छावण्यांत हलवलेली होती. सुरक्षिततेसाठी ते करावंच लागतं, त्यात गैर काही नाही. माझ्या मनात आलं ते एवढंच, की आज क्षेपणास्त्र येणार हे किनाऱ्यावरच्या मच्छीमारालाही आदल्या दिवसापासून ठाऊक होतं. दिवस ठरलेला, लक्ष्य कुठून उठणार तेही ठरलेलं. खऱ्या दिवशी तहसीलदार आधी येऊन सांगणार नाहीत.

खरा दिवस कसा असतो, याचं एक उदाहरण मी रिलेच्या पोरांना नेहमी देत असे. २५ फेब्रुवारी १९९१, सौदी अरेबियातलं धहरान. इराकचं स्कड क्षेपणास्त्र अमेरिकी सैनिकांच्या बराकीवर पडलं आणि २८ जण मेले. तिथे क्षेपणास्त्रं पाडणारी अमेरिकेची 'पेट्रियट' यंत्रणा तैनात होती, चालू होती, तिने एकही इंटरसेप्टर सोडला नाही. कारण घड्याळ. यंत्रणा सेकंदाच्या दहाव्या भागाने वेळ मोजायची, आणि तो दहावा भाग संगणकाच्या दोनच अंकांच्या भाषेत पुरता बसत नाही, कणभर उरतो. चालू करून काही तास झाले तर फरक कळतही नाही. ती यंत्रणा १०० तासांहून जास्त वेळ बंदच झाली नव्हती. तेवढ्या वेळात साचलेली चूक झाली सेकंदाचा साधारण तिसरा हिस्सा. तेवढ्यात स्कड अर्ध्या किलोमीटरहून जास्त पुढे जातं. रडार आकाशाच्या चुकीच्या तुकड्यात बघत राहिलं, तिथे काही दिसलं नाही, म्हणून काही नाहीच असं ठरवून मोकळं झालं. या दोषाची कल्पना दोन आठवडे आधी आली होती, दुरुस्त केलेला प्रोग्रॅमही निघाला होता. तो धहरानला पोचला २६ फेब्रुवारीला.

माझी बॅटरी आणि त्यांचं घड्याळ. दोन्हीकडे मुख्य यंत्र ठणठणीत होतं. घात केला तो कडेच्या एका क्षुल्लक वस्तूने, आणि तो दोष अशाच परिस्थितीत उघडा पडणारा होता जी चाचणीत कधी आलीच नव्हती. वीज उपकेंद्रात आम्ही त्या रात्रीनंतर तक्ता सुधारला. प्रत्येक वर्षी वादळं येतात, प्रत्येक वादळ काहीतरी शिकवतं, म्हणून विजेचं प्रोटेक्शन आज पुष्कळ भरवशाचं झालंय. अण्वस्त्रांच्या छत्राला असं वादळ एकदाच भेटणार. त्यातून शिकून तक्ता सुधारायला दुसरी संधी नाही.

प्रोटेक्शनमध्ये दुसरीही एक भीती असते, उलटी. नको तेव्हा चालण्याची. पॅनेलमध्ये पाल शिरून अख्खा तालुका अंधारात गेल्याचं मी दोनदा पाहिलंय. रिले जितका नाजूक ठेवावा तितका तो उगाच चालतो, जितका जाड ठेवावा तितका खऱ्या वेळी चुकतो. मध्ये कुठेतरी सेटिंग ठेवून आम्ही देवाचं नाव घ्यायचो. २६ सप्टेंबर १९८३ च्या रात्री सोव्हिएत उपग्रहांनी अमेरिकेची पाच क्षेपणास्त्रं निघाल्याचं सांगितलं. ड्युटीवरचे अधिकारी स्तानिस्लाव पेत्रोव्ह यांनी ते खोटं ठरवलं, आणि खरोखरच ढगांवरून परावर्तित झालेला तो सूर्यप्रकाश होता. पेत्रोव्ह यांच्याकडे विचाराला थोडा तरी अवधी होता, कारण अमेरिकेतून मॉस्कोला क्षेपणास्त्र पोचायला अर्धा तास लागतो. आपल्याकडे सरहद्दीपलीकडून दिल्लीपर्यंतचा हिशेब पाच ते दहा मिनिटांचा. रडारला दिसणं, खात्री करणं, हुकूम देणं, इंटरसेप्टर सुटणं, सगळं त्यातच. एवढ्या वेळात माणूस मध्ये ठेवणंच अवघड. म्हणजे निर्णय यंत्राकडे, आणि यंत्राचं सेटिंग कुणीतरी शांततेच्या काळात खुर्चीत बसून लावलेलं.

समोरचा काय करतो

या मुद्द्यावर मला फार बोलायचं नाही, कारण इतिहास पुरेसा बोलका आहे. सोव्हिएत संघाने मॉस्कोभोवती छत्र उभारलं, तर ब्रिटनने आपल्या पाणबुड्यांच्या क्षेपणास्त्रांत फसवी लक्ष्यं भरण्यासाठी 'शेवालीन' नावाचा गुप्त प्रकल्प काढला. १९८० मध्ये तो उघड झाला तेव्हा खर्च सुमारे १०० कोटी पौंडांवर गेला होता. मॉस्को काही सुरक्षित झालं नाही, ब्रिटनची क्षेपणास्त्रं मात्र जास्त हुशार झाली. अशा छत्रांवर मर्यादा घालणाऱ्या १९७२ च्या करारातून अमेरिका जून २००२ मध्ये बाहेर पडली, आणि मार्च २०१८ मध्ये पुतिन यांनी छत्र चुकवणारी नवी अस्त्रं दाखवताना त्याच घटनेकडे बोट दाखवलं. आपल्या शेजारचं उदाहरण तर ताजं आहे. २४ जानेवारी २०१७ ला पाकिस्तानने एकाहून अधिक बॉम्ब नेणाऱ्या 'अबाबील'ची चाचणी केली आणि कारणही लपवलं नाही. या भागात वाढत चाललेल्या क्षेपणास्त्रविरोधी छत्रांमुळे हे करतोय, असंच त्यांच्या लष्कराच्या निवेदनात होतं.

अवकाशात हवा नाही, त्यामुळे तिथे बॉम्ब आणि बॉम्बच्या आकाराचा पातळ फुगा एकाच वेगाने जातात. फुगा स्वस्त आहे, इंटरसेप्टर महाग. हा व्यवहार कुठल्याही किराणा दुकानदाराला कळेल. अमेरिकेने अलास्का आणि कॅलिफोर्नियात मिळून ४४ इंटरसेप्टर ठेवलेत, उत्तर कोरियासारख्या लहान शत्रूसाठी, आणि १९९९ पासूनच्या ठरवून घेतलेल्या चाचण्यांत ते निम्म्याहून थोड्या जास्त वेळाच लागले. मे २०२५ मध्ये तिथे 'गोल्डन डोम' या देशभराच्या नव्या छत्राचा १७५ अब्ज डॉलरचा आकडा जाहीर झाला. त्याच देशाने पूर्वी नॉर्थ डकोटात 'सेफगार्ड' नावाचं छत्र उभारलं होतं. १ ऑक्टोबर १९७५ ला ते पूर्ण सज्ज झालं आणि दुसऱ्याच दिवशी त्यांच्या प्रतिनिधीगृहाने ते बंद करण्याच्या बाजूने मत दिलं. तिथलं एक मोठं रडार मात्र आजही कामात आहे. मला यातली शेवटची गोष्ट महत्त्वाची वाटते. छत्र गेलं, डोळा राहिला.

मग मी काय निवडलं

पैसे, माणसं आणि शास्त्रज्ञांची उमेद मर्यादित आहेत, हे धरून माझा क्रम असा. आधी डोळा, म्हणजे रडार आणि उपग्रह, कारण खोटी बातमी ओळखायला तेच लागतात. त्याच्या जोडीने पाणबुड्या, कारण त्या लपलेल्या असल्या की आपल्याला पाच मिनिटांत घाईने काही करायची गरज उरत नाही. दिल्लीत सकाळी काही घडलं तरी उत्तर संध्याकाळी देता येतं, ही खात्रीच दोन्ही बाजूंना थंड ठेवते. आणि तिसरं, जे जवळजवळ फुकट आहे, ते पलीकडच्यांशी बोलण्याचे धागे. दर १ जानेवारीला भारत आणि पाकिस्तान एकमेकांना आपल्या अणुकेंद्रांची यादी देतात, १९९२ पासून, युद्धं झाली तरी खंड नाही. बॅलिस्टिक क्षेपणास्त्राची चाचणी आधी कळवायचा करार ३ ऑक्टोबर २००५ चा आहे. क्रूझ क्षेपणास्त्रं त्यात येत नाहीत. मियाँ चन्नूनंतर तरी ती यायला हवी होती, असं मला मनापासून वाटतं. दोन दिवस गप्प राहणं पुन्हा परवडेलच असं नाही.

यानंतर छत्र. लहान, दिल्लीवर आणि जिथून आदेश निघतात त्या मोजक्या जागांवर. त्याचं काम शहर वाचवण्यापेक्षा आदेश देणारा हात वाचवण्याचं, आणि एखादं चुकून सुटलेलं क्षेपणास्त्र जमलं तर पाडण्याचं. संशोधन चालू राहावं, चाचण्या चालू राहाव्यात. काश्मीर ते कन्याकुमारी छत्र मात्र मला नको वाटतं. खर्च हे त्याचं मोठं कारण नाहीच. डोक्यावर छत्र आहे असं एकदा लोकांना आणि राज्यकर्त्यांना वाटू लागलं, की संकटाच्या वेळी जे पाऊल टाकलं नसतं ते टाकलं जाईल, अशी मला भीती वाटते. बैलजोडी गेली त्या रात्री गावातली काही माणसं तुटलेल्या तारेच्या दिशेने टॉर्च घेऊन चालत निघाली होती. तार पडली की लाइन आपोआप बंद होते, हे त्यांना आम्हीच सांगितलेलं होतं.

माझं चुकतही असेल. क्षेपणास्त्राचं शास्त्र विजेच्या रिलेइतकं सोपं नाही आणि तिथे काम करणारी माणसं माझ्यापेक्षा कितीतरी हुशार आहेत. मुलीला मी हे सगळं वाचून दाखवलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे दिल्लीला छत्र आणि चेंबूरला काही नाही?"

या प्रश्नाला माझ्याकडे सुखाचं उत्तर नाही. २०१२ मध्ये दिल्ली आणि मुंबई ही छत्राची पहिली दोन शहरं असतील असं छापून आलं होतं, तेही तिने लगेच काढून दाखवलं. मी तिला एवढंच सांगितलं, की दिल्लीतला आदेश शाबूत राहणार आणि पाणबुडी सापडणार नाही, हे पलीकडच्याला ठाऊक असणं हेच चेंबूरवरचं छत्र आहे. तिला ते पटलं नाही. दोन लहान मुलांच्या आईला ते पटावं असा आग्रहही मी धरला नाही.

तिच्याशी मात्र एक ठरवलंय. एक दिवस अशी चाचणी होऊ दे, जिचा दिवस इंटरसेप्टरच्या पथकाला माहीत नाही, यंत्रणा शंभर तास सलग चालू आहे, येणाऱ्या क्षेपणास्त्राबरोबर दहा फुगे आहेत, आणि बाहेरचा वीजपुरवठा मुद्दाम तोडलेला आहे. त्यातूनही बॉम्ब तेवढा वेचून पाडला, अशी बातमी ज्या दिवशी येईल, त्या दिवशी मी आपणहून तिला फोन करीन.